एक आड एक बहावा आणि ताम्हण लावले तर चालतील का? (बेळगाव तालुका, पश्चिम भाग)

मार्कंडेयकाठ
गावाच्या जोडरस्त्याला झाडं लावायचं ठरलंय. रस्ता ३०० मीटर, बेळगुंदीच्या बाजूचा. वरचे साधारण १८० मीटर चढाचे, तिथं जांभा आणि मुरूम. फूटभर खणलं की पहार लागते. खालचे १२० मीटर ओढ्याला लागून, पलीकडं भाताची शेतं. जुलै-ऑगस्टात तिथं घोट्याएवढं पाणी आठ-आठ दिवस हलत नाही, आणि एप्रिलात त्याच मातीला भेगा पडतात. डाव्या हाताला विजेचे खांब आहेत, उजवी बाजू मोकळी.

डोक्यात आहे ते असं: एक बहावा, एक ताम्हण, पुन्हा बहावा, पिवळं-जांभळं. दर ४ मीटरला एक म्हणजे उजव्या बाजूला ७५ रोपं. उन्हाळ्यात टँकरनं पाणी घालता येईल, पण ते दोनच वर्षं. गुरं याच वाटेनं जातात. काही जण म्हणतात सगळा बहावाच लावा, पाणी लागत नाही. काही म्हणतात ताम्हण लाकडालाही येतंय. खड्डा, खत, पाणी, छाटणी, पुढं काय बिघडतं, हे नेमकं सांगा. रोपं कुठल्या वयाची घ्यायची तेही.

जांभा_आणि_मुरूम
एक आड एक नको. दिसायला ते चित्र छान वाटतं, पण या दोन झाडांचं पाण्याशी नातं उलटं आहे. बहावा मूळचा कोरड्या पानझडी रानातला. पाणी तुंबलं की त्याची मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडून गळतात आणि दोन पावसाळ्यांत झाड वाळतं. ताम्हण नदीनाल्याच्या काठचं. कन्नडमध्ये त्याला ‘होळे दासवाळ’ म्हणतात, होळे म्हणजे नदी. नावातच पत्ता दिलाय. पाय ओले असले तर खूश, पण कोरड्या जांभ्यावर पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत शेंडे वाळतात आणि झाड झुडपासारखं खुरटं राहतं. एक आड एक लावलं तर वर निम्मी झाडं (ताम्हण) खुरटतील, खाली निम्मी (बहावा) कुजतील. चार वर्षांनी ओळीत सगळ्या खिंडी दिसतील.

तेव्हा वरच्या १८० मीटरला बहावा, खालच्या १२० ला ताम्हण. रंगही तुकड्यातुकड्यानं जास्त उठून दिसतो. शिवाय दोघांचा बहर सगळा एकदम येत नाही. बहावा एप्रिल-मे मध्ये पानं गाळून फुलतो, ताम्हण पानांसकट फुलतो, मे मध्ये भरात येतो आणि पावसाळ्यात कधीकधी पुन्हा थोडा फुलतो. वळवाचा एक जोरदार सडाका आला की बहाव्याचे घोस रस्त्यावर. ते आपल्या भागात दरसालचंच आहे.

अंतर ४ मीटर फार कमी. बहाव्याचा पसारा ६ ते ८ मीटर होतो, ताम्हणाचाही तेवढाच किंवा जास्त. ८ मीटरनं लावा. वर २३, खाली १५, एकूण ३८ रोपं. ७५ चे पैसे ३८ वर घाला, म्हणजे मोठी रोपं आणि धड कुंपण दोन्ही होतील.

डाव्या बाजूला तारांखाली दोन्हीपैकी काहीच नको. बहावा १० मीटरच्या वर सहज जातो, ताम्हण १५ पर्यंत. तारांसाठी शेंडा मारलेला बहावा बघवत नाही, आणि ताम्हणाला शेंडा मारला की खालून झाडूसारखे फुटवे येतात. तिथं तगर, कामिनी, पांढरा चाफा अशी बुटकी झाडं घ्या.

खड्ड्याआधी एक चाचणी करा. दोन्ही टोकांना आणि मधे, जिथं उतार संपतो तिथं, ६० सेंमी खोल खड्डे काढा. पाण्यानं भरा, जिरू द्या, लगेच पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा काठी लावून मोजा. तासाला अडीच सेंमीपेक्षा कमी उतरलं तर तिथं बहावा लावू नका. हद्द कागदावर १८० मीटरला असेल, जमिनीत ती १५० लाही असू शकते. हा मधला पट्टाच लोकांना फसवतो.

खड्डे असे:
वर जांभ्यात ९० × ९० × ९० सेंमी. तळाशी पहारीनं अजून अर्धा फूट फोडून ठेवा, नाहीतर सोटमूळ कातळावर वळतं. निघालेला मुरूम पुन्हा भरू नका. लाल माती आणा. एका खड्ड्याला पूर्ण कुजलेलं शेणखत १५ ते २० किलो, निंबोळी पेंड अर्धा किलो, सिंगल सुपर फॉस्फेट २०० ग्रॅम. जांभ्याची माती आंबट असते, स्फुरद धरून ठेवते, म्हणून ते मुळाशी द्यायचं.
खाली ओढ्याकडं ६० सेंमीचा खड्डा पुरे, पण रोप खड्ड्यात बुडवू नका. ३० सेंमी उंच आणि मीटरभर रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. ताम्हण पाणी सोसतो हे मुळं धरल्यावर. फूटभराचं नवं रोप आठ दिवस पाण्याखाली राहिलं तर तेही मरतं.

खड्डे एप्रिलात काढा, मे महिनाभर उन्हात तापू द्या. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. जुलैच्या झोडपणीपर्यंत रोपांना तीन आठवडे मिळायला हवेत.

रोपवाला_खानापूर
वरचं सगळं बरोबर. फक्त रोपांबद्दल सांगतो, कारण अर्धं काम तिथंच बिघडतं.

बहाव्याला सोटमूळ असतं. लहान पिशवीत दीड वर्ष राहिलेलं रोप वरून हिरवंगार दिसतं, पण आत मूळ स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं. ते तसंच लावलं तर पाच-सहा वर्षांनी वाऱ्यात मुळासकट कलंडतं. एक पिशवी फाडून बघायला मागा. मूळ तळाला दोन वेढ्यांच्या वर फिरलं असेल तर ती खेप घेऊ नका. दोन-तीन फुटांचं, अंगठ्यापेक्षा थोडं बारीक खोडाचं, मोठ्या पिशवीतलं रोप सगळ्यात चांगलं. सहा फुटी बहावा विकत घेऊन काही साधत नाही, तो एक वर्ष नुसता बसून राहतो. ताम्हणाचं तसं नाही, ते पाच-सहा फुटी लावलं तरी चालतं. ओढ्याकाठी तर उंचच घ्या, म्हणजे शेंडा पाण्याच्या वर राहतो.

घरी बियाणं करायचं असेल तर बहाव्याच्या शेंगा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, काळ्या होऊन हलवल्या की खुळखुळ वाजतात, तेव्हा काढा. बी चिकट गरातून धुवून घ्या. कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर वर्षभरसुद्धा पडून राहील. नेलकटरनं एका कडेला अगदी थोडं तोडा किंवा पाट्यावर घासा. ज्या टोकाला बी देठाला चिकटलेलं असतं ते टोक सोडून. रात्रभर पाण्यात. सकाळी जे फुगलं ते पेरा, जे फुगलं नाही ते पुन्हा घासा. शंभर-दोनशे बी असेल तर उकळलेलं पाणी चुलीवरून खाली उतरवून त्यात बी टाका आणि २४ तास तसंच राहू द्या. चुलीवर ठेवून उकळू नका, बी शिजतं. सेंटिमीटरभर खोल पेरायचं, आठवड्या-दोन आठवड्यांत दिसायला लागतं.

ताम्हणाची बोंडं डिसेंबर-जानेवारीत तपकिरी झाली की फुटायच्या आधी तोडा, कापडावर उन्हात ठेवा. आपोआप उलतात आणि पंख असलेलं हलकं बी निघतं. चाळलेली वाळू आणि शेणखताच्या ट्रेवर पसरा, वर नुसता भुगा शिंपडा. खोल गाडलं की संपलं. उगवण कमी असते, म्हणून हात सैल सोडून पेरा. पाणी फवाऱ्यानंच. सतत गिच्च ओलं ठेवलं तर कोंब जमिनीलगत कुजून आडवे पडतात.

फुलं यायला बियाण्याच्या ताम्हणाला चार-पाच वर्षं धरा, बहाव्याला सहा ते आठ.

पानझडी
नावांचा घोळ आधी मिटवा, नाहीतर ३८ खड्ड्यांत भलतंच जाईल.

‘ताम्हण’ म्हणून नर्सऱ्यांत लॅगरस्ट्रोमिया थोरेली नावाचं परदेशी भावंड सर्रास मिळतं. त्याची फुलं लहान, आणि उमलल्यावर जांभळी पण शिळी होताना पांढुरकी होतात, त्यामुळं एकाच घोसात दोन रंग दिसतात. खरं ताम्हण, लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल. फूल ५ ते ७ सेंमी रुंद, सहा सुरकुतलेल्या पाकळ्या, कळीवर उभे कंगोरे, पान वीतभर लांब. थोरेली वाईट झाड नाही, घरासमोर छानच दिसतं. पण ओढ्याकाठी मोठा वृक्ष हवा असेल तर ते नव्हे. खानापूरच्या रानात पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा, साल सोलून निघणारा नाणा दिसतो, तोही याच कुळातला. कन्नडमध्ये नंदी. त्याची फुलं बारीक पांढरी, त्याला ताम्हण समजू नका. आणि ‘बोंडारा’ म्हणून मागितलं तर तिसरंच रोप हातात पडेल.

बहाव्याच्या बाबतीत ‘केशिया’ अशी पाटी दिसली की सावध. कासोदही केशिया म्हणून खपतो आणि सेन्ना स्पेक्टाबिलिसही. हा दुसरा पश्चिम घाटात, वायनाड-बंदीपूरकडं, रान गिळत सुटलाय. भीमगडच्या रानापासून तुम्ही फार लांब नाही, ते झाड इकडं नकोच. ओळखायला सोपं: बहाव्याच्या एका पानाला मोठ्या पर्णिकांच्या ४ ते ८ जोड्या, प्रत्येक पर्णिका तळहाताएवढी लांब. स्पेक्टाबिलिसला दहा-पंधरा जोड्या आणि पर्णिका लहान. सरकारी रोपवाटिकेत ‘कक्के’ या कन्नड नावानं मागा, बहावाच मिळेल.

आणि बहावा शेंगावर्गातला म्हणून जमिनीत नत्र साठवतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत. खत त्यालाही घालावंच लागतं.

मार्कंडेयकाठ
पट्ट्यापट्ट्यानं लावायचं पटलं. आता पाणी आणि गुरांचं सांगा. खाली पाणी साचतंच, मग ताम्हणाला टँकर कशाला, असं कमिटीत म्हणायला लागलेत.

जांभा_आणि_मुरूम
कमिटीला एप्रिलात तिथल्या भेगा दाखवा. पावसाळ्यात साचलेलं पाणी मे मध्ये कामाला येत नाही. ओढा बारमाही असता तर गोष्ट वेगळी. उलट टँकरचं जास्त पाणी खालीच लागणार.

हिशेब असा. डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत साधारण २६ आठवडे. ताम्हणाला आठवड्यातून दोनदा २० लिटर: १५ झाडं, ६०० लिटर. बहाव्याला एकदा १५ लिटर: २३ झाडं, ३४५ लिटर. म्हणजे आठवड्याला हजार लिटरच्या आत. ५,००० लिटरचा टँकर पाच आठवडे पुरतो, सगळ्या उन्हाळ्यात पाच-सहा टँकर. एप्रिल-मे मध्ये दीडपट धरा. दुसऱ्या वर्षी बहाव्याचं पाणी पंधरा दिवसांवर न्या, ताम्हणाचं आठवड्यावर, पण एका वेळी ३० लिटर. रोज तांब्याभर घालणं सगळ्यात वाईट. मुळं वरच राहतात आणि तिसऱ्या वर्षी टँकर बंद झाला की झाड कोसळतं. आळं खोडापासून फूटभर लांब करा आणि त्यात उसाचं पाचट वीतभर जाड पसरा. पाचट खोडाला टेकू देऊ नका, वाळवी लागते.

तिसऱ्या वर्षापासून बहाव्याचं उन्हाळी पाणी बंदच करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताण बसला की पानं नीट गळतात आणि बहर भरून येतो. पाणी चालू ठेवलेला बहावा अर्धी पानं धरून अर्धाच फुलतो आणि मग लोक म्हणतात रोप खोटं निघालं. ताम्हणाला हा ताण देऊ नका, त्याच्या कळ्या गळतात.

गुरं बहाव्याच्या पाल्याला फारसं तोंड लावत नाहीत, पण अंग घासून खोड सोलतात. ताम्हणालाही संरक्षण लागतंच. पाच फूट उंच कुंपण दोघांनाही, बांबूचं असो की जाळीचं. आधाराच्या दोन काठ्या दोन बाजूंना रोवून काथ्यानं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधा. इथला पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. एकाच काठीला घट्ट बांधलेलं खोड काठीवर घासून तिथंच मोडतं. काथ्या दर पावसाळ्याआधी सोडून पुन्हा बांधा, नाहीतर खोडात रुततो.

रोपवाला_खानापूर
शेणखताबद्दल एक भर. ‘पूर्ण कुजलेलं’ हे दोन शब्द वाचून विसरू नका. कच्च्या शेणात हुमणीची अळी येते, ती रोपाची बारीक मुळं कुरतडते. पाणी असूनही रोप कोमेजलेलं दिसलं आणि ओढलं की सहज हातात आलं तर हुमणी समजा. खत चाळून घाला आणि खड्ड्यात मेटारायझियम (हुमणी मारणारी बुरशी) ५० ग्रॅम खतातच मिसळा. ऊसवाल्यांना हे माहीत आहे, झाडं लावणारे मात्र हमखास विसरतात.

पावसाळ्यात बहाव्याच्या पानांना भोकं पडून नुसत्या शिरा उरल्या तर घाबरू नका. पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या असतात, बहावा त्यांचं खाद्यच आहे. मोठं झाड महिनाभरात पुन्हा पालवतं, औषध मारायचं कारण नाही. दोन फुटी रोपावर असतील तर हातानं वेचा, फार झाल्या तर निंबोळी तेल ५ मिली लिटरमागे, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारा.

अथणीचं_काळं_रान
आमच्याकडं कुठला लावावा? अथणीच्या पुढं, खोल काळी जमीन, उसाच्या बांधाला. पाऊस तुमच्या निम्म्याहून कमी. वरचं वाचून वाटलं कोरडा भाग म्हणजे बहावा, विषय संपला. पण शेजारच्या बांधावर लावलेले बहावे तिसऱ्या वर्षी पिवळे पडून गेलेत.

पानझडी
विषय पावसाचा नाही, निचऱ्याचा आहे. तुमच्याकडं वर्षाला ५००-६०० मिमी पडतो, बेळगावात १,२०० च्या वर. पण काळ्या जमिनीत उसाला पाट सोडला की बांधाचं बूडही आठवडाभर ओलं राहतं. बहाव्याला त्यानं काय फरक पडतो, पाणी ढगातून आलं की कालव्यातून? मुळं तशीच गुदमरतात. त्यातून काळ्या मातीत खड्डा काढून त्यात मुरूम किंवा वाळू भरली असेल तर तो खड्डा म्हणजे बादलीच झाली. सगळीकडचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट नाही.

काळ्या रानात बहावा लावायचाच तर पाटापासून निदान ४-५ मीटर लांब, ४५ सेंमी उंच आणि दीड मीटर रुंद वरंब्यावर. खड्ड्याच्या बाजू कुदळीनं खरवडून खडबडीत करा. गुळगुळीत चिकण भिंतीतून मूळ बाहेर जात नाही. भरायला तीच काळी माती आणि शेणखत, वाळू नको. लागवडही जूनमध्ये करू नका. तुमचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, तेव्हा ऑगस्ट अखेर लावा.

ताम्हण पाटाच्या कडेला पाण्यानं टिकेल, पण चुनखडीच्या काळ्या मातीत त्याला लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की तेच. हिराकस (म्हणजेच फेरस सल्फेट) जमिनीत टाकून उपयोग नाही, चुन्यात अडकून बसतो. फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १ ग्रॅम लिटरभर पाण्यात, पानांवर, दर पंधरा दिवसांनी तीनदा, ऊन उतरल्यावर. हे दरवर्षी करायची तयारी नसेल तर ताम्हण सोडा.

उसाच्या बांधाचे आणखी दोन शत्रू. पाचट पेटवलं की पातळ सालीची तरणी झाडं एका दिवसात भाजतात. आणि उसात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारलं की वाऱ्यावर येणारा तुषार दोन्ही झाडांना लागतो: शेंडे वळतात, नवी पानं दोरीसारखी पिळवटतात. शेजारचे बहावे पिवळे पडून गेले म्हणता, तर पाणी. पिळवटून गेले असते तर औषध.

मार्कंडेयकाठ
छाटणी आणि उपयोग राहिलं. पंचायतीचे सदस्य लाकडाचंच विचारतात.

जांभा_आणि_मुरूम
लाकूड ताम्हणाचं चांगलं, मजबूत आणि पाण्यात टिकणारं, म्हणून होड्यांना, गाड्यांना, घरकामाला वापरतात. बहाव्याचं कठीण आणि जड. खांब, अवजारांचे दांडे यांना ठीक, पण सुताराच्या रंध्याला त्रास. तरी रस्त्याकडेची झाडं लाकडाच्या आशेनं लावू नका. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली तोडायला परवानगी लागते, आणि आठ मीटरवर मोकळं वाढलेलं झाड फांद्या पसरतं, सरळ ओंडका देत नाही.

बहाव्याचा गर आयुर्वेदात आरग्वध, सौम्य रेचक. रस्त्यावर शाळेची पोरं असतील तर दोन-दोन फुटी शेंगा तलवारी म्हणून हातात येणारच. गर गोड लागतो, खाल्ला की पोट बिघडतं. शाळेच्या फाटकासमोर बहावा नको, तिथून एक-दोन खड्डे सोडा. शेंगा महिनोन्महिने पडत राहतात, झाडलोट करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. ताम्हणाची बोंडं सुकून झाडावरच राहतात, कचरा कमी.

छाटणीत दोघं पुन्हा उलटे. ताम्हण नव्या फुटीच्या टोकाला फुलतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत पालवीआधी सुकी बोंडं आणि बारीक फांद्या कापा, बहर वाढतो. त्याच महिन्यात बहावा कापला तर त्या वर्षीची फुलं गेली, कारण घोस जुन्या फांद्यांवर लोंबतात. बहाव्याची छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, तीही फक्त वाळकं आणि एकमेकांवर घासणारं. पहिली तीन वर्षं दोघांचाही एकच शेंडा ठेवा, खालचे फुटवे हळूहळू काढत साडेसात-आठ फुटांपर्यंत खोड मोकळं करा. एका दमात सगळं सोललं तर खोड बारीक राहून वाकतं. उसाची ट्रॉली जाणार असेल तर रस्त्याकडची पहिली फांदी १५ फुटांवर हवी.

मार्कंडेयकाठ
चाचणीचे तीन खड्डे काढले. वरचा तासाला ११ सेंमी उतरला, ओढ्याकडचा जेमतेम १. मधला, १६० मीटरवरचा, २ सेंमी.

जांभा_आणि_मुरूम
मग १५० च्या पुढं ताम्हण. बहावा १९, ताम्हण १९.